सुगंधी तेलं औषध म्हणून वापरताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की फोंड्यातल्या आमच्या फार्मसीत दोन वस्तूंचा खप वाढतो: चिखल्यांवरचं मलम आणि निलगिरी तेल. मलम दिवसातून किती वेळा लावायचं, हे गिऱ्हाईक आठवणीने विचारतं. तेलाबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. झाडपाल्याचंच तर आहे!

हुर्राकाची, म्हणजे काजूच्या रसापासून काढायच्या दारूची, भाटी पाहिलेल्या माणसाला हे तेल किती कडक असतं ते खरं तर समजावून सांगायला नको. भाणात, म्हणजे भाटीवरच्या मडक्यात, रस ओतायचा किती आणि थेंब थेंब पडणारं हातात येतं किती! सुगंधी तेल, म्हणजे इसेन्शियल ऑइलही बहुतेक वेळा असंच वाफेवर काढतात, फक्त पाल्याच्या मानाने तेल फारच थोडं निघतं. म्हणजे बाटलीतला एक थेंब हा पानाचा काढा नव्हे. शिवाय तेच तेल नाकातून, कातडीतून आणि पोटातून गेलं की तीन वेगळी कामं करतं. काउंटरवर येणाऱ्या बहुतेक तक्रारींत तेल बरोबर असतं, वाट चुकलेली असते.

वाफेपासून सुरुवात करू. उकळत्या टोपात आठ-दहा थेंब, वर टॉवेल, आणि मग "डोळे चुरचुरतात, खोकला वाढला" अशी तक्रार. निलगिरीतलं सिनिओल झपाट्याने उडतं. इतके थेंब पडले की पहिल्याच श्वासाला त्याचा लोट छातीत जातो, आणि दम्याच्या माणसाची श्वासनळी आवळू शकते. टोप चुलीवरून खाली घ्या, पाणी पसरट भांड्यात ओता, एक फार तर दोन थेंब टाका, डोळे मिटा, पाच मिनिटांत उठा. नाक मोकळं करण्याचं बरंचसं काम नुसती वाफही करते. लहान मुलाला मात्र गरम पाण्यावर वाकवूच नका. भांडं कलंडून भाजल्याचे प्रकार सर्दीपेक्षा कितीतरी वाईट असतात.

गेल्या पावसात एक आजोबा विचारत आले, "नेब्युलायझरच्या कपात दोन थेंब टाकले तर चालतील ना?" अजिबात नाही. ते यंत्र तेलाचे बारीक कण थेट फुप्फुसात पोचवतं, आणि तिथे तेल साचलं की एका वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडून त्या कपात दुसरं काही घालू नका.

आता कापूर. तान्ह्या बाळाच्या गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी बांधायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे आणि तिच्याविरुद्ध बोललं की आज्या रागावतात. पण कापूर पोटात गेला, किंवा कातडीतून जास्त शोषला गेला, तर लहान मुलांना झटके येतात. पुरचुंडी चोखायला बाळाला वेळ लागत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाखाली कापूर-मेंथॉलचा बाम लावणंही टाळा. त्या वयात मेंथॉलच्या झोताने श्वास अडकू शकतो. अमृतधारेचीही तीच गत. कापूर, पुदिन्याची फुलं (म्हणजे मेंथॉलचे खडे) आणि ओव्याची फुलं (ओव्याच्या अर्काचे खडे) असे तीन कोरडे पदार्थ बाटलीत एकत्र केले की आपोआप पाणी होतं. लहानपणी मला ही जादूच वाटायची. पण ते पाणी म्हणजे निव्वळ अर्क, त्याची बाटली देवघरातल्या खालच्या फळीवर नको.

कातडीवर लावताना लोक मोजमापच करत नाहीत. साधारण वीस थेंब म्हणजे 1 मिलिलिटर, हे धरून चला. ड्रॉपरप्रमाणे थोडंफार इकडेतिकडे होतं. 30 मिलिलिटर खोबरेल तेलात सहा थेंब टाकले की 1 टक्का होतो, बारा टाकले की 2. चेहऱ्याला 1, अंगाला 2, यापुढे सहसा जाऊ नये. "मुरुमांवर टी ट्री तेल नुसतंच लावलं, आता साल निघतेय," असं सांगत कॉलेजच्या मुली येतात. 1990 साली ऑस्ट्रेलियात मुरुमांवर टी ट्री आणि बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांचं नेहमीचं औषध यांची तुलना झाली, तेव्हा दोन्ही 5 टक्क्यांचीच होती. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण आग कमी झाली. नुसतं शंभर टक्के तेल चोपडायला कुणी सांगितलं होतं?

तेलाने कातडीची आग झालीच तर आधी पाणी मारू नका. पाण्याने तेल सुटत नाही, नुसतं पसरतं. खोबरेलात भिजवलेल्या कापसाने पुसून घ्या, मग साबणाने धुवा. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकणाऱ्यांची गफलतही हीच. ते पाण्यात मिसळत नाहीत, वर तरंगतात आणि जसेच्या तसे अंगाला चिकटतात.

एक चूक माझी स्वतःची. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये, जत्रेला निघताना, मानेला बर्गमॉटचं, म्हणजे एका लिंबूवर्गीय फळाचं, तेल लावलं. दोन दिवसांनी तिथे लाल चट्टा उठला, त्याचा तपकिरी डाग झाला आणि तो चतुर्थीपर्यंत गेला नाही. बर्गमॉट आणि दाबून काढलेलं लिंबाचं तेल यांत फ्युरोकूमरिन नावाची रसायनं असतात, ती उन्हात कातडी भाजतात. वाफेवर काढलेल्या लिंबाच्या तेलात हा दोष जवळजवळ नसतो, म्हणून बाटलीवर काढण्याची पद्धत वाचा. दाबून काढलेलं लावलंत तर पुढचे बारा तास ती जागा झाका. गोव्याच्या उन्हात हयगय चालत नाही, हे फार्मसिस्ट असूनही मला डाग पडल्यावर कळलं.

पोटात घ्यायचं म्हणाल तर घरच्या घरी थेंब गिळणं हा औषधोपचार नव्हे. आतड्याच्या मुरड्यावर पेपरमिंट तेलाची कॅप्सूल डॉक्टर देतात. तिच्यात साधारण 0.2 मिलिलिटर तेल असतं आणि वरचं आवरण असं, की ती जठरात न फुटता पुढे आतड्यात फुटते. पाण्यात थेंब टाकून प्यायलात तर अन्ननलिकेच्या तळचा झडपेसारखा स्नायू सैल पडतो आणि छातीत जळजळ होते. कॅप्सूल चावली, किंवा सोबत अँटासिड घेतलं, तरी आवरण वेळेआधी फुटून तेच होतं.

दाढदुखीला लवंग तेल कापसाच्या बोळ्याच्या टोकावर घेऊन फक्त कीड लागलेल्या खड्ड्याला लावा. त्यातलं युजेनॉल दाढ बधिर करतं, पण हिरडीला लागलं तर भाजतं. ठणका थांबला म्हणून डेंटिस्टची अपॉइंटमेंट रद्द करणारे खूप भेटतात. कीड आपलं काम चालूच ठेवते.

गुडघ्यांना चोळायच्या बऱ्याच तेलांत विंटरग्रीन, म्हणजे गंधपुरा, असतं. त्यातलं मेथिल सॅलिसिलेट अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी रोज चोळलं तर गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. गोळी चालू असल्याचं तेल घेतानाच सांगा. चोळल्यावर वरून गरम पिशवी ठेवू नका.

सिट्रोनेला, म्हणजे एका सुगंधी गवताचं तेल, लावून डासांच्या बाबतीत निर्धास्त होऊ नका, त्याचा असर दोनेक तासांतच ओसरतो. डेंग्यूचा डास तर दिवसाढवळ्या चावतो.

बाटली गडद काचेची हवी, झाकण घट्ट, उन्हापासून लांब. लव्हेंडर किंवा लिंबाच्या तेलाला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागला तर टाकून द्या. हवा लागून जुन्या झालेल्या तेलानेच अ‍ॅलर्जी जास्त होते.

आणि मुलाने बाटली तोंडाला लावलीच, तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका. उलटीबरोबर तेल फुप्फुसात उतरतं. चमचाभर निलगिरी तेलानेही लहान मूल गुंगीत जाऊ शकतं, म्हणून काही होतंय का ते बघत बसू नका. 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. तेल कुठलं होतं हे डॉक्टरांना मुलाच्या शर्टाच्या वासावरून ओळखायला लावू नका.