कर्नाळ्याला जाताय? मग हे ऐका

कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य नि गड बघायला आम्ही नेरूळकर पहाटेची पनवेल लोकल पकडतो; तिथल्या स्टँडवरून पेणकडची एसटी घ्यायची. उशीर केलात तर पक्षी नाही, पिकनिकवाले दिसतील! पावसाळ्यात तिबोटी खंड्या येतो, त्याच्यासाठी ओढ्याकाठी गप्प बसा.

गड चढायला दीडेक तास धरा, पाणी माणशी दोन लिटर. सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली टाकी, कोठारं बघाच. सुळक्यावर आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर, धूर, आरडाओरडा नकोच. १६६५च्या पुरंदर तहात मुघलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांतला हा एक.

येताना शिरढोणला उतरा. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ साली इथेच जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या थेट शिरढोणलाच येतात.