जास्वंद गायब झाली तेव्हा व्हॅल्यू कळली

नौपाड्यात रविवारच्या पेंटिंग क्लासला जायला लागले तेव्हा शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या जोरावर मला वाटायचं रंग आपल्याला कळतात. तिसऱ्या रविवारी बाल्कनीतली जास्वंद रंगवून नेली, लालभडक फूल, मागे हिरवीगार पानं. सरांनी काही न बोलता मोबाईलवर फोटो काढला, ब्लॅक अँड व्हाइट केला आणि माझ्यासमोर धरला. त्यात फूलच नव्हतं! पाकळ्या आणि पानं एकाच करड्या रंगात मिसळून गेलेली.

व्हॅल्यू म्हणजे रंग किती उजळ किंवा किती गडद, एवढंच. माझ्या फुलाची आणि पानांची व्हॅल्यू सारखीच होती. मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९०५ मध्ये यासाठी मोजपट्टी मांडली, ० म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा.

मग सरांनी एक्सरसाइज दिला, कागदावर ९ चौकोन, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सारख्या अंतराने. सोपं वाटतं ना? मी काळा-पांढरा निम्मा निम्मा घेतला तर मधला करडा येण्याऐवजी जवळजवळ काळाच आला, कारण काळा रंग फार जोरकस असतो. म्हणून पांढरा आधी घ्या आणि काळा ब्रशच्या टोकाने थोडा थोडा घाला. आणि वाळल्याशिवाय पट्टी जुळवू नका, अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, वॉटर कलर फिका पडतो, मी घाईत तीन चौकोन परत केले.

त्या पट्टीशेजारी रंग लावून बघायचे, डोळे बारीक करून. जिथे दोघांमधली कड दिसेनाशी होते ती त्या रंगाची व्हॅल्यू. ट्यूबमधला लेमन यलो थेट वरच्या टोकाला जाऊन बसतो, अल्ट्रामरीन हा गडद निळा जवळजवळ तळाशी. पिवळ्याला गडद करायला काळा घातला की तो शेवाळी हिरवट होतो, तिथे बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी वापरलेला बरा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती रंग वाचला असता. लाल उजळ करायला पांढरा घातला की तो गुलाबी होतो, त्यामुळे लाल लालच ठेवायचा असेल तर आजूबाजूचं बदलावं लागतं.

नवीन असाल तर हा एक्सरसाइज कंटाळा येतो म्हणून सोडू नका प्लीज, आमच्या बॅचमध्ये दोघांनी सोडला आणि त्यांची चित्रं अजून सपाटच दिसतात.

मी तीच जास्वंद परत काढली. लाल तसाच ठेवला, फक्त मागच्या पानांत अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून ती दोन पायऱ्या खाली नेली. या वेळी करड्या फोटोतही पाकळीची कड न् कड दिसत होती.