एचओ मालगाडी बनवताना या चुका टाळा: बॉक्सएन रुळावरून का उतरते आणि खेळण्यातली का वाटते

एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेत, भारतीय मालगाडी बनवणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून दोनच असतात. वॅगन रुळावरून उतरते, किंवा सगळं जागच्या जागी असूनही गाडी खेळण्यातली वाटते. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. खरी वॅगन काय काम करते, किती लांब-रुंद असते हे न बघता, हाताशी आलेल्या परदेशी सुट्या भागांवर भारतीय साचा, म्हणजे वॅगनचा वरचा सांगाडा, चढवलेला असतो. इथे उदाहरणाला बॉक्सएन घेतली आहे: कोळसा आणि लोहखनिज वाहणारी, वरून उघडी, आठ चाकांची वॅगन. कपलरसकट (वॅगन एकमेकींना जोडणारा आकडा) तिची लांबी १०.७१३ मीटर, म्हणजे १:८७ प्रमाणात सुमारे १२३ मिलिमीटर.

दोष कुणाचा ते ठरवल्याशिवाय कानस उचलू नका

एकच वॅगन वेगवेगळ्या ठिकाणी उतरत असेल, तर दोष वॅगनचा. वेगवेगळ्या वॅगन एकाच ठिकाणी उतरत असतील, तर दोष रुळाचा. हे ठाऊक असूनही लोक आधी सांधा घासायला घेतात आणि चांगला सांधा बिघडवतात. वॅगन जिथे उतरली तिथे स्लीपरवर खडूची खूण करा आणि वॅगनच्या तळाला छोटी चिठ्ठी चिकटवा. मग तीच वॅगन उलटी फिरवून लावा. उलटी केल्यावरही आधी पडलेलीच बोगी, म्हणजे वॅगनखालची चार चाकांची चौकट, पडत राहिली, तर ती पुढे आहे की मागे याचा संबंध नाही, बिघाड त्या बोगीतच आहे.

रुळाचा दोष बहुधा वळणावरच्या सांध्यात सापडतो. फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हवा तसा वळवता येणारा रूळ, वाकवला की टोकं सरळ व्हायला बघतात आणि सांध्यापाशी कोपरा तयार होतो. दोन तुकडे सरळ असतानाच डाग देऊन (सोल्डर करून) जोडा, मग वाकवा.

वजन: सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं

अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठी शिफारस अशी आहे: मूळ एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या मापात सांगायचं तर २८ ग्रॅम, अधिक दर सेंटिमीटरला साधारण ५.६ ग्रॅम. १२.३ सेंटिमीटरच्या बॉक्सएनला हे ९७ ग्रॅमच्या आसपास जातं. थ्रीडी प्रिंट केलेला रेझिनचा साचा नुसत्या बोगींसह तराजूवर ठेवून बघा, या आकड्याच्या तो बराच खाली असतो.

हलकी वॅगन एकटी नीट चालते, म्हणून फसायला होतं. वीस वॅगनच्या रेकमध्ये, म्हणजे जोडलेल्या रांगेत, ती इंजिनाजवळ लागली आणि मागे जड वॅगन आल्या, की वळणावर ती ताणात सापडते आणि आतल्या बाजूला कलंडते. लोक अशा वेळी वळणाला दोष देतात. तराजू आधी काढा.

वजन लपवायचं कुठे, हा उघड्या वॅगनचा खरा प्रश्न. भरलेली असेल तर सोपं आहे, मालाखाली घाला. रिकामी दाखवायची असेल तर पोटात काही ठेवता येत नाही. तिथे तळाला पोलादी पत्र्याचा तुकडा बसवा आणि उरलेलं वजन खाली दोन बोगींच्या मधल्या जागेत, मधल्या तुळईच्या दोन्ही अंगांना द्या. टायरच्या दुकानात चाक बॅलन्स करायला ५ आणि १० ग्रॅमच्या चिकटपट्टीची वजनं मिळतात, ती यासाठी फार सोयीची. दोन्ही टोकांना सारखी वाटा आणि शक्य तितकी खाली ठेवा. वजन वर गेलं की वॅगन डुलते.

दोन्ही बोगी सारख्या आवळू नका

एका बोगीचा स्क्रू इतकाच आवळा की ती डावी-उजवीकडे फिरेल, पण वॅगन बाजूला डुलणार नाही. दुसरीचा थोडा सैल सोडा, म्हणजे ती फिरेलही आणि डुलेलही. तिपाई जशी कुठल्याही जमिनीवर टेकते तशी वॅगन मग उंचसखल रुळावर टेकून राहते. दोन्ही घट्ट असतील तर एक चाक हवेत राहतं आणि काट्यावर, म्हणजे पॉइंटवर, तेच चाक वर चढतं. दोन्ही सैल असतील तर वॅगन झुलत जाते.

चाकांचं अंतरही मोजा. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर एचओमध्ये साधारण १४.४ मिलिमीटर हवं. हे अंतर मोजायची गेजपट्टी टेकवून बघायला क्षणभर लागतो आणि काट्यावरची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. चाकं धातूची घ्या, प्लास्टिकच्या चाकांवर काळा थर लवकर साचतो.

आता दिसण्याचा भाग. बॉक्सएनच्या कॅसनब प्रकारच्या बोगीचं चाक १००० मिलिमीटरचं, म्हणजे एचओमध्ये साडेअकरा. बाजारात सहज मिळणारी अमेरिकन ३६ इंची चाकं साडेदहाची. एक मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण त्यामुळे वॅगन अर्धा मिलिमीटर खाली बसते, बोगी खुजी दिसते आणि कपलरचं गणितही हलतं.

कपलरची उंची आधी ठरवा, मग साचा छापा

भारतीय ब्रॉडगेजवर रिकाम्या वॅगनचा कपलर जास्तीत जास्त ११०५ मिलिमीटर उंचीवर असतो. एचओमध्ये ते पावणेतेराच्या जवळ जातं. बाजारातले केडी या कंपनीसारखे नकल, म्हणजे मुठीसारख्या तोंडाचे, कपलर मात्र अमेरिकन उंचीला, म्हणजे रुळापासून सुमारे ९.९ मिलिमीटरवर बसतात. साचा बरहुकूम बनवला आणि कपलर त्याच्या खऱ्या जागी लावला, की परदेशी इंजिनाशी तो जुळतच नाही. मग कुणी बोगीवर वॉशर चढवतं, कुणी कपलर वाकवतं आणि चढावर गाडी सुटायला लागते.

दोनांपैकी एक मार्ग धरा. सगळा ताफा भारतीय उंचीला न्या, इंजिनांसकट. नाहीतर ९.९ माना आणि साच्यातच कपलरची पेटी खाली घ्या, किंवा डोकं खाली झुकलेल्या दांड्याचा कपलर वापरा. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे, कारण मित्राच्या लेआउटवर आपली वॅगन चालणं ही या छंदातली मोठी गोष्ट आहे. कपलरच्या पेटीत तेल घालू नका, धूळ धरतं. ग्राफाइटची पूड पुरते. बॉक्सएनला बाजूचे बफर (धक्का झेलणारे दांडे) लावू नका, ते जुन्या चारचाकी वॅगनचे.

गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, काय? खरी ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, तिचे एचओमध्ये १९.२ होतात, आणि आपला रूळ १६.५ चा. समोरून बघितलं की वॅगन अरुंद रुळावर उभी दिसते. बोगीच्या बाजूच्या चौकटी प्रमाणात बाहेर ठेवा आणि गाडी प्रेक्षकाच्या समोरून तोंडावर येईल असा रूळ टाळा. बाजूने आणि किंचित वरून फरक जाणवत नाही.

कोळसा आणि खनिज सारखंच भरणं

ही चूक उत्तम बनवलेल्या गाड्यांतही दिसते. बॉक्सएनची पोकळी सुमारे ५६ घनमीटरची आणि भार अठ्ठावन्न टनांच्या आसपासचा. कोळसा हलका, म्हणून तो काठापर्यंत येतो आणि वर ढीगही दिसतो. लोहखनिज त्याच्या दुपटीहून जड. वजनाची मर्यादा गाठली तरी वॅगन अर्धीसुद्धा भरत नाही. काठावरून आत डोकावलं तरच माल दिसतो. काठोकाठ खनिज भरलेली वॅगन म्हणजे रुळाखालचा पूल मोडेल इतका भार.

म्हणून गाडी कुठून कुठे जाते ते आधी ठरवा. नाशिकजवळच्या एकलहरे वीज केंद्राकडे कोळशाचा रेक भरलेला जातो आणि रिकामा परततो. तोच रेक दोन्ही दिशांना भरलेला फिरवला, की बघणाऱ्याला नेमकं सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतं. गोव्यात चित्र वेगळं: मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. फोम कापून काळा रंगवा, वर खऱ्या कोळशाचा चाळलेला चुरा चिकटवा आणि आत एक लोखंडी चकती ठेवा. चुंबकाने उचलून माल काढता-घालता येतो.

सगळ्या वॅगनवर सारखाच गंज

नवी आणि जुनी वॅगन एकाच रेकमध्ये असते, तेव्हा सगळ्यांना एकच तपकिरी पाणी फासू नका. बॉक्सएनची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त खराब असते, कारण माल तिथे घासतो. बाहेर दरवाज्यांच्या फटींखाली काळे ओघळ येतात. बोगी आणि चाकांवर गंजापेक्षा धूळ जास्त असते.

क्रमही चुकतो. आधी चकचकीत वॉर्निश, मग अक्षरं, मग पुन्हा वॉर्निश, मग पातळ रंग, शेवटी पावडर आणि मॅट थर. मॅट थरावर अल्कोहोलचं पाणी लागलं तर पांढरा धूसर डाग पडतो. मॅट थराखाली पावडर फिकी पडते, म्हणून ती थोडी जास्तच लावावी.

वॅगनचा क्रमांक अकरा अंकी असतो: पहिले दोन अंक प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार तिचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळणीचा. सगळ्या वॅगनवर तोच क्रमांक छापणं ही सहज टाळता येणारी चूक.

खडी, ट्रक आणि घाट

रुळाखालची खरी खडी मोठ्यात मोठी ६५ मिलिमीटरची, म्हणजे एचओमध्ये पाऊण मिलिमीटर. मत्स्यपेटीतले खडे इथे धोंडे दिसतात. महाराष्ट्रात दाखवायची तर काळ्या पाषाणाची बारीक चाळ घ्या. ओतल्यावर आधी साबणाचा थेंब टाकलेलं पाणी फवारा, मग पातळ फेव्हिकॉल सोडा. कोरड्या खडीवर गोंदाचे गोळे होतात. काट्याच्या पात्यांपाशी हात आखडता घ्या.

कोकण रेल्वेचा रो-रो देखावा अनेकांना करायचा असतो. सपाट वॅगनवर भरलेले ट्रक, ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्ये बसलेले, कडेला जांभ्याची लाल कापणी. कोलाड ते वेर्णा ही सेवा २६ जानेवारी १९९९ ला सुरू झाली, तेव्हा ट्रकही त्या काळानंतरचे शोभतात. चूक होते ती खेळण्यातला १:६४ चा ट्रक घेतल्याने. अडीच मीटर रुंदीचा ट्रक १:८७ मध्ये २९ मिलिमीटरचा होतो, १:६४ मध्ये ३९ चा, आणि तो वॅगनच्या दोन्ही कडांबाहेर लोंबतो.

बोरघाटाचा चढ ३७ ला १. तोच चढ घरी घेतला तर सपाटीवर वीस वॅगन ओढणारं इंजिन तिथे अडतं. मागे बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लावा, खऱ्या घाटातही लावतात. मात्र मागच्या इंजिनाचा वेग पुढच्याशी जुळवा, नाहीतर हलक्या वॅगन मधून वर उचलल्या जातात. चढाची सुरुवात एकदम करू नका. सपाटी आणि चढ यांच्यामध्ये निदान इंजिनाच्या लांबीएवढा हळूहळू उचलत नेलेला भाग हवा, नाहीतर कपलर एकमेकांतून वर-खाली निसटतात.

वेगही बघा. ताशी ७५ किलोमीटरची मालगाडी एचओमध्ये सेकंदाला २४ सेंटिमीटर चालते. दोन मीटरच्या फळीला आठ सेकंदांहून जास्त लागले पाहिजेत. ५८ बॉक्सएनचा पूर्ण रेक सात मीटरहून लांब भरतो, घरात तो मावत नाही. पंधरा-वीस वॅगन पुरतात, पण शेवटी गार्डचा डबा आणि त्यावर एलव्हीची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी विसरू नका.

पावसाळ्यात सगळं ठीक असलेला लेआउट अचानक गाड्या पाडू लागला, तर वॅगन तपासायच्या आधी फळी बघा. प्लायवूड वरून रंगवलेलं आणि खालून उघडं असेल तर ते एका बाजूनेच दमट हवा शोषतं आणि बाक धरतं. खालची बाजू आणि कापलेल्या कडा कोरड्या दिवसांत रंगवून घ्या, आणि लांब सरळ मार्गावर एखाददुसरा सांधा डाग न देता किंचित फट ठेवून सोडा.