जखमी रानटी मांजर वाचवताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात गोदामांच्या आडोशाने वाढलेल्या मांजरांना माणसाच्या हाताची सवयच नसते. त्यातल्या एखाद्याला दुचाकीची ठोकर बसली किंवा बोक्यांच्या भांडणात पाय फाटला, की आपण धावतो आणि उघड्या हाताने उचलायला जातो. घोळ तिथेच होतो. जाड टॉवेल किंवा सतरंजी अंगावर टाका. डोकं झाकलं की ते बरंच शांत होतं. मग टॉवेलसकट उचला. पुठ्ठ्याचा खोका घेऊ नका, घाबरलेलं मांजर तो फाडून निघून जातं. मांजर न्यायची पेटी नसेल तर तासगावकडची द्राक्षं ज्यात येतात ती दोन प्लॅस्टिकची क्रेट तोंडाला तोंड लावून दोरीने बांधा आणि वर चादर टाका. मोठ्या मांजराला मानगुटीला धरून लटकवू नका. तोंड उघडून धापा टाकत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरकडे निघा.

चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला रेबीजच्या इंजेक्शनसाठी जा. 'मांजर काय, कुत्रं थोडंच आहे' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. रेबीज मांजरालाही होतो. शिवाय त्याचा दात सुईसारखा असतो, वरची जखम मिटते आणि आत पू धरतो.

हळदीच्या गावात राहून हळदीविरुद्ध बोलणं अवघडच, पण खोल जखमेत हळद कोंबू नका. तिचा थर बसतो आणि डॉक्टरला आधी तो खरवडावा लागतो. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात सपाट चमचाभर मीठ घाला, त्याने धुवा, बस्स. डेटॉल, फिनेल, किडे पडले म्हणून टर्पेंटाइन, यातलं काहीही नको: मांजर अंग चाटतं, ते पोटात जातं आणि त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही. पॅरासिटामॉल तर मुळीच नाही. माणसाची 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

निघण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा: मांजर बघता का, भूल देता का, एक्स-रे आहे का? आपल्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, त्यात त्यांची चूक नाही. साताऱ्याकडच्यांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय हा एक पर्याय आहे. सांगलीहून ते लांब पडतं.

घरी आणल्यावर लहानशी खोली किंवा न्हाणीघर द्या, लपायला एक खोका ठेवा आणि सारखं डोकावू नका. घरच्या मांजरापासून दोन आठवडे तरी लांब ठेवा.

खात नसेल तर दूध पुढे करू नका, बहुतेक मोठ्या मांजरांना त्याने जुलाब होतात. उकडलेला मासा कोमट करून ठेवा, वासाने भूक चाळवते. दोन दिवस अन्नाला तोंडच लावलं नाही तर यकृतावर चरबी चढायचा धोका असतो. चोवीस तासांत लघवी झाली नाही, तर मणक्याला किंवा मूत्राशयाला मार असू शकतो. दोन्ही वेळा डॉक्टर गाठा.

सगळ्यात मोठी चूक मात्र मांजर बरं झाल्यावर होते. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचा आणि पहिला 'मला हवं' म्हणेल त्याला देऊन मोकळं व्हायचं! दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू माणसाळतं. रानटीच वाढलेला बोका सोफ्यावर येऊन बसेल ही आशा बहुधा फोल ठरते. त्याची नसबंदी आणि रेबीजची लस करून जुन्या जागी सोडणं हेच बहुतेक वेळा बरं. तिथे धोका असेल किंवा पाय अधू राहिला असेल, तर उंदरांनी त्रासलेलं गुळाचं गोदाम किंवा गोठा बघा. मालकाने रोज खायला घालायचं आधी कबूल केलेलं असावं. पण नेल्या नेल्या सोडलं तर ते जुन्या ठिकाणाच्या शोधात निघतं आणि वाटेत गाडीखाली येतं. तीन-चार आठवडे तिथल्याच बंद खोलीत ठेवा, ठरल्या वेळी एकाच माणसाने खायला द्यावं. डब्याचा आवाज ओळखायला लागलं की दार उघडा, तेही जेवणाच्या वेळेआधी, उपाशी असताना.