दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी एम-१ हेल्मेट कसं पारखावं

"कडेवरच्या धातूच्या पट्टीचा जोड पुढे आहे, म्हणजे हे १९४४च्या नॉर्मंडीच्या लढाईला जाऊन आलेलं" असं सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. एम-१ हेल्मेट १९४१ साली आलं, युद्ध संपेपर्यंत दोन कोटींहून जास्त तयार झाली, आणि तीच बाहेरची पोलादी कवचं पुन्हा रंगवून कोरिया, व्हिएतनामपर्यंत वापरली गेली. त्यामुळे कवचाचं वय वेगळं तपासायचं आणि रंगाचं वेगळं.

कवचाचं वय कळणं सोपं आहे. लायनर, म्हणजे आतलं हलकं अस्तर, काढा आणि आत, पुढच्या कडेपाशी ठोकलेला शिक्का पाहा. युद्धकाळातल्या कवचावर आकड्याच्या वर 'एस' असेल तर ते सेंट लुईसच्या श्लूटर कंपनीचं, नसेल तर डेट्रॉइटच्या मॅकॉर्ड कंपनीचं. हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या आधी पक्क्या होत्या, १९४३च्या उत्तरार्धापासून हलत्या झाल्या. कडेचा जोड १९४४च्या अखेरीस पुढून मागे गेला.

चुंबक लावून बघा म्हणतात, ते अर्धंच खरं. ही कवचं हॅडफील्डच्या मँगनीज पोलादाची आहेत आणि त्याला चुंबक धरत नाही, म्हणून युरोपात नंतर बनलेल्या बऱ्याच नकला त्यातून गळतात. पण युद्धानंतरची अमेरिकी कवचंही त्याच पोलादाची आहेत, तेव्हा वय त्यातून कळत नाही.

खरी परीक्षा रंगाची. मला स्वतःला हीच पायरी सगळ्यात जड गेली. युद्धकाळातल्या रंगात बुचाचा चुरा असे, नंतरच्या रंगात वाळू. फोटोत दोन्ही सारखेच खरखरीत दिसतात, म्हणून फक्त फोटोवरून पैसे पाठवू नका. दहापट भिंगाखाली बुचाचे कण ओबडधोबड, लहानमोठे दिसतात आणि रंग घासला गेलेल्या ठिकाणी तपकिरी पडतात. वाळूचे कण टणक असतात आणि उजेडात चमकतात.

मग चिन्हं. १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे (पॅराट्रूपरांचे) इस्पिक-बदाम, वैद्यकीय दलाचे लाल क्रॉस: किंमत यांनीच वाढते, म्हणून खोटेपणाही इथेच चालतो. चिन्हाच्या कडेवरून जाणारा एखादा जुना ओरखडा शोधा. तो खालच्या हिरव्या रंगाबरोबर चिन्हाचा रंगही कापत गेला पाहिजे. चिन्हाचा रंग ओरखड्याच्या तळाशी उतरलेला दिसला, किंवा गंजावर बसलेला दिसला, तर चिन्ह नंतरचं. विक्रेत्याकडे आजोबांचं पत्र असलं तरीही. पॅराट्रूपरच्या एम-२ हेल्मेटची इंग्रजी 'डी'च्या आकाराची कडी श्लूटरच्या शिक्क्यासोबत आली तर हेल्मेट तिथेच खाली ठेवा. ती फक्त मॅकॉर्डने बनवली. मॅकॉर्डचं असलं तरी कडीशेजारी जुन्या वेल्डिंगचा डाग, म्हणजे कडी बदलल्याची खूण, आहे का ते पाहाच.

साध्या पायदळ सैनिकाचं, मूळ रंगातलं, चिन्हाविना हेल्मेट हीच माझ्या मते उत्तम सुरुवात. अशा अस्सल कवचावर खोटं चिन्ह रंगवणारा माणूस ती वस्तू कायमची मारतो, आणि अशी खरेदी करणारा त्याला पुढचं मारायला पैसे पुरवतो.

लायनर आणि पट्टा नंतर जुळवता येतात. वेस्टिंगहाउस, फायरस्टोन या कंपन्यांचे लायनर सहज मिळतात. पट्ट्याच्या शिवणीवर अतिनील दिवा टाका. दोरा निळसर-पांढरा उजळला तर शिवण बहुधा नंतरची.

घरी आणल्यावर तेल, मेण, पॉलिश काही लावू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि दमट भिंतीपासून दूर ठेवा.