दिवस गेलेत आणि एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, आता काय करायचं

आरोग्य केंद्रात पहिल्यांदा नाव घालायला गेलं की रक्त घेतात त्यातच एचआयव्हीची पण टेस्ट होते, माझं तिथेच कळलं, दुसरा महिना संपत आला होता. डोक्यात एकच, बाळाचं काय. म्हणून तेच आधी सांगते. काहीच औषध घेतलं नाही तर बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, आणि गोळ्या लवकर सुरू होऊन व्हायरस दबला तर ती १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. एचआयव्ही आहे म्हणून मूल पाडायला लागत नाही, कोणी सांगितलं तरी घाबरू नका. लवकर कळलंय म्हणजे व्हायरस दाबायला हातात सहा-सात महिने आहेत.

एका किटवर आलं म्हणजे पक्कं नाही. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्रात, वेगवेगळ्या तीन किटवर तपासतात, मग पक्का रिपोर्ट. तो आला की एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात ते केंद्र; आमच्या गोव्यात ते बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज), दक्षिण गोव्यातल्या बायकांना मडगावचं जिल्हा इस्पितळ जवळ पडतं. सगळं फुकट आहे. तिथे सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशी किती ते) काढतात, टीबीचं विचारतात (खोकला, ताप, रात्री घाम, वजन उतरणं), गुप्तरोग आणि कावीळ बी पण बघून घ्या. पण सीडी४ कितीही असू दे, गोळी सुरू करायचीच, पहिले तीन महिने जाऊ दे मग बघू असं आता कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये.

गोळी एकच, टीएलडी, दिवसाला एक, त्यात तीन औषधं असतात: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर. २०१८ मध्ये डोल्युटेग्राविरने बाळाच्या मणक्यात दोष येतो अशी भीती उठली होती, बोट्सवानातल्या पाहणीवरून, पुढे जास्त बायकांचा हिशेब आल्यावर ती टिकली नाही. नेटवर जुनं वाचून गोळी बंद करू नका. फोलिक अ‍ॅसिड मात्र सगळ्यांसारखं घ्यायचंच.

आता मला कोणी आधी नीट सांगितलं नव्हतं ते. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्या उपाशीपोटी टीएलडीबरोबर घेतल्या तर डोल्युटेग्राविर अंगी नीट लागत नाही, अ‍ॅसिडिटीच्या अँटासिडचंही तसंच, तर लोह-कॅल्शियम एक तर जेवणाबरोबर टीएलडीसोबत एकत्र घ्या नाहीतर टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर; अँटासिड मात्र जेवणाबरोबरही एकत्र चालत नाही, तिथे टीएलडी २ तास आधी किंवा ६ तास नंतर हेच. मी टीएलडी रात्री जेवून झोपताना ठेवली, लोह सकाळी, कॅल्शियम दुपारी. रात्री ठेवल्याने सकाळच्या उलट्यांतूनही गोळी वाचली, मला तर पेजेचा वास आला तरी उलटी यायची. गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तर सेंटरला फोन करून विचारा. विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन नाही घ्यायच्या. माहेरी जाताना, गणपतीला, जास्तीच्या गोळ्या आधीच मागून घ्या, चतुर्थीच्या गडबडीत चुकतेच.

नवऱ्याची टेस्ट करून घ्या, तो निगेटिव्ह असू शकतो, आणि गरोदरपणात पण कंडोम वापरा. घरात सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं, २०१७ च्या कायद्याने तुमचा रिपोर्ट गुप्त ठेवायचा असतो आणि एचआयव्ही आहे म्हणून बाळंतपण नाकारता येत नाही. एकत्र जेवल्याने, कपड्यांनी काही होत नाही. मन भरून आलं तर १०९७ या एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे.

३२ ते ३६ आठवड्यांत व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती उरलाय ती टेस्ट) करतात, त्यावर बाळाला कुठलं औषध ते ठरतं. ती तारीख आत्ताच कार्डावर लिहून घ्या.