सम्पमधल्या पडद्या कशाच्या कराव्यात? या चुका टाळा

माशांच्या टाकीखाली ठेवलेली, तिचं पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी टाकी म्हणजे सम्प. घरी सम्प करणारे टाकी पारखून घेतात, पंप चार दुकानांत विचारून घेतात आणि आत कप्पे पाडणाऱ्या पडद्यांसाठी मात्र घरात जे पडलेलं असेल ते कापतात. दुकानाच्या बोर्डातून उरलेलं अ‍ॅक्रिलिक, किचन ट्रॉलीच्या कामातून वाचलेला पीव्हीसी बोर्ड, कपाटाचा जुना आरसा. पडदी, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत बॅफल, कोरडी असताना अगदी झकास बसते. पाणी भरल्यावर कुठे महिन्याने, कुठे पहिल्या उन्हाळ्यात ती एका कडेने सुटते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो: टाकी काचेची असेल तर पडदी साध्या काचेचीच करा. खालच्या बहुतेक चुका काच कापून आणायचा कंटाळा आल्यामुळे होतात.

मापं सांगायला सोपी पडावीत म्हणून एकच उदाहरण धरू. ५ मिमी काचेचा ६० बाय ३० बाय ३० सेंमीचा सम्प, आतली रुंदी २९ सेंमी, पंप तासाला १००० लिटरचा.

जाडी अंदाजाने घेणं

पाण्याचा जोर पडदीमागे किती लिटर आहेत यावर ठरत नाही. तो दोन्ही बाजूंच्या पातळीत किती फरक आहे यावर ठरतो. सम्प चालू असताना हा फरक पाच-सात सेंटिमीटरचा असतो, म्हणून पातळ पडदीही टिकेल असं वाटतं. पण पंप धुवायला तुम्ही शेवटचा कप्पा रिकामा करता आणि शेजारच्या कप्प्यात २५ सेंमी पाणी असतं, तेव्हा २९ सेंमी रुंद पडदीवर साधारण ९ किलोचा भार येतो. हिशेब याच दिवसाचा धरायचा. तीस सेंटिमीटर रुंदीपर्यंत ४ मिमी काच पुरते, ४५ सेंमीला ५ किंवा ६ मिमी घ्या. फोटोफ्रेमची २ मिमी काच इथे नको.

काच नेमकी २९० मिमी कापून आणणं ही सगळ्यात नेहमीची चूक. टाकीच्या आतल्या कोपऱ्यांत सिलिकॉनची गोलाई असते, त्यामुळे पडदी खाली टेकतच नाही. मग कोणीतरी ती दाबतं आणि कोपरा टचकन उडतो. आतलं माप तळाशी, मध्यावर आणि वर असं तीनदा घ्या. त्यातल्या सगळ्यात लहान मापातून ४ मिमी वजा करा, म्हणजे दोन्ही बाजूंना २-२ मिमी सिलिकॉनला जागा राहते. आमच्या उदाहरणात हे माप २८६ येतं. काचवाल्याला खालचे दोन्ही कोपरे ६-७ मिमी तिरपे छाटायला आणि कडा घासून द्यायला सांगा. कडा त्याने घासल्या नाहीत तर १२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून घरीच घासा. कडेवरचा नखाएवढा टवका पुढे तडा होऊन वर चढतो.

कोणती काच नको

आरसा अजिबात नको. पाठीमागे चांदीचा थर, त्यावर बहुधा तांब्याचा थर आणि वर रंग असतो. कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतं, आणि तांबं झिंग्यांना व गोगलगायींना फार थोड्या प्रमाणातही मारक ठरतं. खिडक्यांना लावतात ती चमकदार रिफ्लेक्टिव्ह काचही टाळा, तिच्यावर धातूचा लेप असतो. नुसती रंगीत काच, जिच्या अंगातच रंग आहे, ती चालते.

टफन्ड काच, म्हणजे जुन्या टीपॉयची किंवा बाथरूमच्या दाराची, कापता येत नाही. कोपऱ्यात छोटा शिक्का दिसला की समजा. हिरा फिरवून ती मोडायला गेलात तर अख्खी काच मक्याच्या दाण्यांसारखी पसरते. लॅमिनेटेड काच फुटली तरी विखुरत नाही, पण तिच्या दोन काचांमधला प्लास्टिकचा थर कडेने पाणी पिऊन दुधाळ होतो.

फुकटात मिळणारी एक चीज मात्र खरंच कामाची आहे: जुन्या बाथरूमच्या खिडकीतल्या लूव्हरच्या पट्ट्या. कडा आधीच घासलेल्या असतात. रुंदी कमी असल्यामुळे त्यांची उंच पडदी होत नाही, पण बुटक्या पडदीला किंवा पुढे सांगितलेल्या खाचेला त्या उत्तम.

अ‍ॅक्रिलिक काचेला चिकटवणं

नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात बोर्ड बनवणाऱ्यांकडे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे सहज मिळतात, घरच्या घरी कापता येतात, भोकंही पाडता येतात. मोह समजण्यासारखा आहे. अडचणी दोन.

पहिली अशी की सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला धरतं, पण स्टिकरसारखं. एक कोपरा सुटला की अख्खी पट्टी सोलून निघते.

दुसरी अडचण नागपुरात जास्त जाणवते. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने काचेच्या सात-आठ पट फुगतं. जानेवारीच्या सकाळी १५ अंशांत बसवलेली २९ सेंमीची पडदी मे महिन्यात ३३-३४ अंशांच्या पाण्यात सुमारे ०.४ मिमी वाढते. तेवढीच काच ०.०५ मिमीच्या आसपास वाढते. त्यात अ‍ॅक्रिलिक पाणी पितं आणि काही आठवड्यांत त्यानेही आणखी वाढतं. घट्ट बसवलेल्या पडदीला वाढायला जागा नसते. मग ती धनुष्यासारखी वाकते, नाहीतर सम्पच्या बाजूच्या काचेवर रेटा देते. पडदी वाकली तर नुकसान थोडं, बाहेरचा जोड उघडला तर दिवाणखाना ओला.

अ‍ॅक्रिलिकच वापरायचं असेल तर चिकटवू नका, खाचेत सोडा. १५ ते २० मिमी रुंदीच्या काचेच्या पट्ट्या सम्पच्या आतल्या दोन्ही भिंतींवर जोडीने उभ्या चिकटवा. ५ मिमी अ‍ॅक्रिलिकसाठी दोन पट्ट्यांमध्ये ६ मिमी अंतर हवं. पडदीची रुंदी इथेही २८६ ठेवा. सिलिकॉन सुकल्यावर पडदी वरून खाली सरकवायची. कडेने थोडं पाणी झिरपेल, त्याने काही बिघडत नाही. तासाला १००० लिटर पाणी जिथून वाहतंय तिथे चार थेंबांची काळजी कशाला? शिवाय पडदी काढून धुता येते, आणि स्पंजच्या कप्प्यासाठी ही सोय चिकटवलेल्या काचेपेक्षाही बरी. अ‍ॅक्रिलिक पुसायला अ‍ॅसिटोन, थिनर किंवा अमोनियाचा काचेचा क्लीनर घेऊ नका, अंगावर बारीक जाळीदार तडे येतात.

लकडगंजच्या लाकूड बाजारात मिळतं म्हणून

सनबोर्ड आणि पीव्हीसी फोम बोर्ड पाण्याने फुगत नाहीत हे खरं, पण ते तरंगतात. २९ बाय २० सेंमीचा ८ मिमी बोर्ड पाण्यात बुडवला की साधारण २०० ग्रॅमच्या जोराने वर येऊ बघतो आणि तो जोर रात्रंदिवस सिलिकॉनवर राहतो. डब्ल्यूपीसीमध्ये लाकडाचा भुसा असतो, तो सम्पमध्ये नको. भाजी कापायच्या पांढऱ्या पाट्याचं प्लास्टिक, म्हणजे एचडीपीई, आणि पॉलिप्रोपिलीन माशांना निर्धोक आहेत, पण सिलिकॉन त्यांना धरतच नाही. खाच केली तरी वरून अडकण हवी, कारण हे दोन्ही पाण्यापेक्षा हलके. छपराचं पोकळ नळ्यांचं पॉलिकार्बोनेट घेतलं तर नळ्यांत पाणी साचून सडतं.

एसीपी शीट, म्हणजे दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेला बोर्ड, आणि स्लायडिंग खिडकीचं अ‍ॅल्युमिनियम चॅनेल सोडूनच द्या. समुद्री टाकीत तर ते पांढरी भुकटी होऊन पाण्यात उतरतं.

दगडाचं काय? ओट्याचा उरलेला कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच घरातला. दगडावर लिंबाचे दोन थेंब टाका. फेस आला की तो दगड पाण्याचा जडपणा वाढवणार. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावर टाकी चालवणाऱ्यांना ही भर नकोच असते. व्हिट्रिफाइड टाइलचा तुकडा मात्र चालतो, मागची सिमेंटची धूळ घासून काढली तर.

सिलिकॉनची ट्यूब न वाचता घेणं

निवडलेलं साहित्य योग्य आणि ट्यूब चुकीची, असंही होतं. बाथरूम, सॅनिटरी किंवा बुरशीरोधक असं लिहिलेली ट्यूब नको, त्यातलं बुरशीनाशक पाण्यात उतरतं. शंभर टक्के सिलिकॉनची, शक्यतो अ‍ॅक्वेरियमसाठी असं लिहिलेली, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारी ट्यूब घ्या. २० सेंमी उंच पडदीच्या तीन कडांना दोन्ही बाजूंनी ५ मिमीची रेघ मारायला साधारण २३-२५ मिली लागतं. म्हणजे पाच पडद्यांना २८० मिलीची एक ट्यूब भरपूर होते.

काच अ‍ॅसिटोनने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात बऱ्याचदा तेलकट अंश असतो. पडदीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, रेघ मारा, ओल्या बोटाने एकाच फटक्यात दाबून घ्या आणि साय धरायच्या आत, पाच मिनिटांत, टेप ओढा. बुडबुडे अडवायच्या तीन पडद्यांमध्ये २५ मिमीचे लाकडी तुकडे आधाराला ठेवले की अंतर हलत नाही.

नवतपात इथे एक उलटीच गंमत होते. ऊन कडक, म्हणजे सिलिकॉन पटकन वाळेल असं वाटतं. पण हे सिलिकॉन वाळत नाही, हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी आतला भाग कच्चाच राहतो, पावसाळ्यात तोच लवकर पिकतो. सम्प गच्चीवर उन्हात ठेवू नका. खोलीत ठेवा, शेजारी पाण्याचं पसरट भांडं ठेवा आणि पूर्ण सात दिवस थांबा. वास येतोय तोवर पाणी भरायचं नाही.

बिघाड झालाच तर

पडदी एका कडेने सुटली असेल तर वरून नवी रेघ मारून भागत नाही. पिकलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. पडदी काढा, ब्लेडने जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, नख फिरवून कुठे रबरासारखं लागत नाही ना ते बघा, आणि पुन्हा बसवा.

बुडबुडे मुख्य टाकीत जात असतील तर दोष साहित्यात नसून अंतरात असतो. २५ मिमी फटीतून १००० लिटरचा प्रवाह सेकंदाला साधारण ४ सेंमीने जातो. फट १२ मिमी ठेवली तर वेग ८ सेंमी होतो आणि बारीक बुडबुडे वर यायच्या आधीच ओढले जातात. पंप मोठा घेतला असेल तर फट त्याच हिशेबाने वाढवा. मधल्या पडदीखालून पाणी जातं, ती फटही तेवढीच लागते.

उन्हाळ्यात अचानक धबधब्यासारखा आवाज येऊ लागला तर पडदी सुटली असं समजू नका. उडालेल्या पाण्याची सगळी घट पंपाच्या कप्प्यातच दिसते. १५ बाय २९ सेंमीच्या कप्प्यात एक लिटर घटलं की पातळी सव्वादोन सेंटिमीटरने उतरते, आणि सम्पवरून कूलरचा वारा जात असेल तर हे रोजचंच. पडदीवर पेनाने खूण करा आणि रोज सकाळी तिथपर्यंत पाणी भरा.

चाचणी घेताना मासे नकोत आणि पंपही नको. सम्प बाहेर अंगणात समपातळीवर ठेवा, एकच कप्पा पडदीच्या काठापर्यंत भरा, शेजारचा कोरडा ठेवा आणि चोवीस तास बघा. मग बाजू बदलून तेच करा, कारण वीज गेल्यावर वरच्या टाकीतलं पाणी खाली येतं तेव्हा काही पडद्यांवर जोर उलट्या बाजूने पडतो.